चार पट्टे दिसले म्हणून उझी नव्हे

मामेभावाचा फोटो रात्री साडेदहाला आला. त्याची मराठवाड्यात दोन एकर तुती आहे, शेजारीच संगोपनगृह. रेशीमकीटक पाचव्या अवस्थेत होते, चार दिवसांत कोष विणायला चंद्रिकेवर सोडायचे. नायलॉनच्या जाळीवर आतल्या बाजूने एक करडी माशी बसलेली. पाठीवर चार काळे उभे पट्टे अगदी स्वच्छ दिसत होते. खाली एकच ओळ होती : "ताई, उझी आहे का ही? लगेच सांग." उझी म्हणजे रेशीमकीटकांना आतून खाऊन मारणारी माशी.

मी लिहिलं, "यावरून सांगता येणार नाही. बाजूने फोटो काढ."

त्याला राग आला, आणि तो यावा हे बरोबरच होतं. "एवढा स्वच्छ फोटो आहे, तरी?" असं म्हणत त्याने मोबाईलमधल्या एका ॲपने दिलेलं उत्तरही पाठवलं. ॲपने एका क्षणात लॅटिन नाव सांगितलं होतं, तेही जातीसकट. नाव युरोपातल्या एका माशीचं होतं.

फोटो चांगला असून माशी ओळखता का येत नाही, आणि येते तर कुठवर येते, हे तेव्हा फोनवर समजावायला वेळ नव्हता. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. अशा माश्यांचे फोटो मला बऱ्याच जणांकडून येतात आणि प्रत्येकाला हवं असतं ते एकच, नाव.

आधी एवढं समजून घेऊ : परोपजीवी माशी म्हणजे कोण

गोचीड जनावराचं रक्त पिते, पण एका गोचिडीने जनावर मरत नाही. आपण ज्या माश्यांबद्दल बोलतो आहोत त्यांचं वेगळं आहे. मादी दुसऱ्या कीटकाच्या अंगावर किंवा आसपास अंडी घालते, अंड्यातून निघालेली अळी त्या कीटकाच्या शरीरात शिरते, आतून त्याला खात वाढते आणि शेवटी तो कीटक मरतो. अशा माशीला परोपजीवी म्हणू आणि ती ज्याच्या जिवावर वाढते त्याला यजमान. घरी आलेल्या पाहुण्याने घरच खाऊन संपवावं, असा हा प्रकार.

अशा माश्यांचं सर्वांत मोठं कुळ टॅकिनिडी. आजवर नाव दिलेल्या जाती साडेआठ हजारांहून अधिक आहेत. प्रौढ माशी फुलांतला मध पिऊन राहते, कुणाला चावत नाही, घाणीवर घोंगावत नाही. अंडी घालण्याच्या तऱ्हा मात्र थक्क करणाऱ्या आहेत. काही माश्या यजमानाच्या कातडीवर अंडं चिकटवतात. काही टोकदार अवयवाने ते थेट आत टोचतात. काही जणी तर पानावर धुळीच्या कणाएवढी अंडी घालून निघून जातात. यजमान पान खातो आणि अंडंही गिळतो. जपानमध्ये रेशीमकीटकांवर येणारी माशी नेमकं हेच करते. 'उझी' हे नावही जपानीतूनच आलं आहे. तिकडे 'उजी' म्हणजे माशीची अळी.

आपल्याकडची उझी मात्र वेगळी, तिचं नाव एक्झोरिस्टा बॉम्बिसिस. ती कीटकाच्या अंगावर पांढरट अंडं चिकटवते. दोन-तीन दिवसांत अळी कातडी भेदून आत जाते आणि त्या जागी काळा डाग राहतो. ही बंगालची जुनी रहिवासी. १९८० साली तिथून आलेल्या रेशीम कोषांबरोबर ती कर्नाटकात पोचली आणि दक्षिणेतल्या तुती-रेशीम उद्योगाची डोकेदुखी होऊन बसली. पूर्व विदर्भात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर पिकवणाऱ्यांची उझी आणखी वेगळी, ब्लेफॅरिपा झेबिना. नाव एकच, माश्या तीन. गोंधळाची सुरुवात इथूनच होते.

आडनाव आणि नाव

शास्त्रीय नावाची रीत आपल्या मार्कशीटसारखी असते, आडनाव आधी. 'एक्झोरिस्टा' हे आडनाव, म्हणजे प्रजाती. 'बॉम्बिसिस' हे त्या माशीचं स्वतःचं नाव, म्हणजे जात. अनेक आडनावं मिळून एक कुळ होतं.

माणूस लांबून येताना दिसला की आधी कळतं, बाई आहे की पुरुष. जवळ आला की चालण्यावरून वाटतं, हा अमक्यांच्या घरातला असावा. थोरला की धाकटा, ते तोंड नीट दिसल्यावर कळतं. आणि जुळे भाऊ असले तर त्यांची आईच सांगू शकते. माशीचंही असंच आहे. फोटो पुष्कळदा आपल्याला कुळापर्यंत नेतो, कधी आडनावापर्यंत. जातीपर्यंत क्वचितच.

कुळ कसं कळतं

मामेभावाच्या फोटोत चार पट्टे होते. उझीच्या पाठीवर चार पट्टे असतात हे खरं. पण घरमाशीच्या पाठीवरही चारच असतात. उझी घरमाशीपेक्षा चांगलीच मोठी असते, पण जाळीच्या फोटोत शेजारी माप ठेवलेलं नसेल तर मोठी कशाच्या मानाने? मांसावर बसणाऱ्या करड्या माश्यांना तीन पट्टे असतात, आणि उजेड तिरका पडला की तिनाचे चार किंवा दोन दिसायला वेळ लागत नाही.

म्हणून मी बाजूने फोटो मागितला. माशीच्या पाठीच्या शेवटी एक छोटी त्रिकोणी ढाल असते. टॅकिनिड माशीत त्या ढालीच्या बरोबर खाली एक फुगवटी असते, गोल गुळगुळीत उशीसारखी. वरून ती ढालीआड लपते, बाजूने पाहिलं की ढालीखालून डोकावते. दुसरी खूण छातीच्या बाजूला, मागच्या पायाच्या मुळाशी. तिथे राठ केसांची एक उभी रांग असते. घरमाशीला ना ही रांग असते ना ती फुगवटी. हिरव्या-निळ्या चकचकीत माश्या आणि मांसमाश्या यांना रांग असते, फुगवटी नसते. रांग आणि फुगवटी दोन्ही ठळक दिसल्या, तर माशी टॅकिनिड कुळातली असं बऱ्यापैकी छातीठोकपणे म्हणता येतं.

मी पहिल्यांदा ही फुगवटी भिंगाखाली शोधली तेव्हा मला ती दिसलीच नाही. शेजारच्या जाणकाराने माशी टाचणीसकट जरा फिरवली, दिव्याची बाजू बदलली आणि ती उशी एकदम उजळून निघाली. माशी तीच, दिवाही तोच, पण कोन बदलल्याबरोबर कुळ कळलं. फोटोत तो कोन गोठून गेलेला असतो. तुम्हाला माशी फिरवता येत नाही.

"कॅमेरा एवढा भारी असताना जात का कळू नये?"

पहिलं कारण म्हणजे जात ठरवणाऱ्या खुणा फार बारीक आणि विखुरलेल्या असतात. मधल्या पायाच्या नळीवर पुढच्या बाजूला राठ केस एक की तीन, डोळ्यांवर लव आहे की नाही, गालाची रुंदी डोळ्याच्या उंचीच्या मानाने किती. एकाच फोटोत हे सगळं येणं जवळपास अशक्य. जवळून फोटो काढताना फोकसमध्ये येणारा भाग जेमतेम मिलिमीटरभर असतो. डोळा स्पष्ट आला की पाय धूसर होतो.

दुसरं कारण मोठं आहे. कित्येक जातींत खात्रीची खूण असते ती नराच्या पोटाच्या टोकाला दडलेल्या जननेंद्रियांच्या आकारात. ते पाहायला माशी मारून, तो भाग वेगळा करून, औषधात मऊ करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा लागतो. जिवंत माशीच्या कितीही सुंदर फोटोत ते दिसणार नाही. माशी मादी असेल तर तज्ज्ञही पुष्कळदा प्रजातीपाशी थांबतात.

उझीचंच घ्या. आपल्याकडच्या लिखाणात ती वर्षानुवर्षं दोन-तीन नावांनी वावरली. कुठे ट्रायकोलायगा बॉम्बिसिस, कुठे एक्झोरिस्टा सॉर्बिलान्स. आता बॉम्बिसिस हे नाव रूढ आहे आणि व्हिडेमान यांनी १८३० साली नाव दिलेली सॉर्बिलान्स वेगळी जात मानतात. ज्यांच्या हातात माशी होती, सूक्ष्मदर्शक होता, त्यांच्याकडूनही एवढी उलथापालथ झाली. मग रात्रीच्या बल्बच्या उजेडात काढलेल्या फोटोवर आपण किती भार टाकायचा?

"पण ॲप तर नाव सांगतं!"

सांगतं. ते कसं, हे समजून घेतलं तर त्याचा उपयोगही नीट होतो. अशा ॲपला आधी लाखो फोटो नावांसकट दाखवलेले असतात. नवा फोटो आला की पाहिलेल्यांपैकी तो कुणाशी जुळतो ते ॲप शोधतं. एखाद्या बाईंच्या हातात फक्त आठवी 'ब'चा हजेरीपट आहे असं समजा. त्यांना सांगितलं, समोर येणाऱ्या प्रत्येक मुलाचं नाव या पटातूनच सांगायचं. मुलगा शेजारच्या शाळेतला असला तरी उत्तर पटातलंच येणार.

टॅकिनिड माश्यांच्या बाबतीत हा पट मुख्यत्वे युरोप-अमेरिकेतला आहे. ब्रिटनमध्ये या कुळाच्या अडीचशेहून थोड्या अधिक जाती आहेत आणि दोनशे वर्षं लोक त्यांच्या मागे आहेत. तिथली टॅकिना ग्रोसा भुंग्याएवढी काळी आणि डोकं पिवळं, ती फोटोवरून कुणीही ओळखावी. आपल्याकडच्या बहुतेक जातींचे नाव पक्कं केलेले फोटोच मोजके आहेत. ॲपने जे पाहिलंच नाही ते त्याला सांगता येणार कसं? मामेभावाला आलेलं युरोपीय नाव असंच आलं होतं.

तरी मी ॲप वाईट म्हणणार नाही. आयनॅचरलिस्टसारख्या, लोक निसर्गातल्या नोंदी टाकतात अशा ठिकाणी पुष्कळदा 'या कुळातली असावी' एवढंच सुचवलं जातं, आणि पुढे माणसं तपासतात. हे उत्तर अर्धवट वाटतं, पण मला ते जास्त भरवशाचं वाटतं. फसगत होते ती पडद्यावर आलेलं पहिलं नाव आपण कोरलेल्या अक्षरासारखं मानतो तेव्हा.

"जात नाही कळली तर बिघडलं काय? माशी ती माशीच."

या प्रश्नाचं उत्तर गुरं पाळणाऱ्यांनी फार महागात शिकलं आहे. अमेरिका खंडात जनावरांच्या जखमेत अळ्या पाडणारी एक माशी आहे, स्क्रूवर्म, तिच्या अळ्या जिवंत मांस खातात. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी मेलेल्या जनावरांवर वाढते. १९३३ पर्यंत दोघींना एकच समजत. त्यामुळे उपायही तसेच, मेलेली जनावरं जाळा, सडक्या मांसाचे सापळे लावा. मेलेल्यांवरच्या माश्या मरत, जखमेतली तशीच राही. १९३३ साली कुशिंग आणि पॅटन यांनी नरांची जननेंद्रियं ताडून दाखवलं की या दोन वेगळ्या जाती आहेत. मग खऱ्या माशीचा अभ्यास सुरू झाला. तिची मादी आयुष्यात एकदाच मीलन करते हे कळलं, आणि त्यावरून किरणांनी वांझ केलेले नर सोडण्याची युक्ती निघाली. १९५४ साली कुरसाओ बेटावरून ती माशी हटवली गेली, पुढे अमेरिकेतूनही. हीच माशी अलीकडे मध्य अमेरिकेतून वर सरकत २०२४ च्या नोव्हेंबरात मेक्सिकोत पोचली, म्हणून पुन्हा बातम्यांत आहे. तिथे संशय आला की जखमेतल्या अळ्या अल्कोहोलमध्ये घालून तपासायला पाठवतात, नुसत्या फोटोवर भागवत नाहीत. आपल्याकडे गुरांच्या जखमेत अशाच अळ्या पाडणारी क्रायसोमिया बेझियाना आहे, तीही जिवंत मांसच खाते.

आता आपल्या शिवारात या. संगोपनगृहातली टॅकिनिड माशी शत्रू. पण त्याच कुळातल्या माश्या तुरी-हरभऱ्यावरच्या घाटे अळीच्या जिवावर वाढतात. कार्सेलिया इलोटा, गोनिऑफ्थाल्मस हाली यांच्या अशा नोंदी आपल्या देशात आहेत. उसाच्या खोडकिडीवर स्टर्मिऑप्सिस इन्फेरेन्स येते, आणि ती प्रयोगशाळेत वाढवून शेतात सोडलीही गेली आहे. राठ केसांची करडी माशी हरभऱ्यावर दिसली आणि तिला उझी समजून कुणी फवारा मारला, तर फुकट राबणारी मजूरच मारली असं होईल. फोटोवरून जात कळली नाही तरी चालेल. चुकीची जात ठामपणे सांगितली तर मात्र नुकसान होतं.

"मग डीएनए तपासा की!"

तपासतात, आणि त्याने थक्क करणाऱ्या गोष्टी बाहेर आल्या आहेत. माशीचा एक पाय पुरतो. पेशीतल्या एका ठरावीक जनुकाचा छोटा तुकडा वाचतात. दुकानातल्या मालावरचा बारकोड वाचावा तसा, म्हणून नावही तेच.

कोस्टा रिकातल्या ग्वानाकास्ते जंगलात सुरवंट गोळा करून, वाढवून, त्यांतून काय निघतं ते नोंदवण्याचं काम अनेक वर्षं चाललं आहे. तिथल्या बेल्व्होसिया या प्रजातीच्या माश्या दिसण्यावरून वीस जातींच्या ठरल्या होत्या. त्यातल्या सतरा आपापल्या ठरावीक यजमानावरच जगणाऱ्या, आणि तीन 'जे मिळेल ते' म्हणून नाना सुरवंटांवर येणाऱ्या. २००६ साली बारकोडचे निकाल आले तेव्हा कळलं की त्या तीन प्रत्यक्षात तीन नव्हत्याच. प्रत्येकीत दिसायला सारख्या अशा अनेक जाती होत्या आणि प्रत्येक जात आपला यजमान धरून होती. विसाच्या बत्तीस झाल्या.

मला यातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं ते यंत्र नव्हे, त्या नोंदी. कोणती माशी कोणत्या सुरवंटातून, कोणत्या पानावरून आणि कोणत्या तारखेला निघाली, हे कुणीतरी इमानाने लिहून ठेवलं होतं म्हणून डीएनएच्या अक्षरांना अर्थ आला. शिवाय डीएनएलाही हजेरीपट लागतोच. जुळवायला आधी नाव ठरलेला नमुना नसेल तर हाती फक्त अक्षरांची माळ येते.

मग फोटो काढायचे कसे

काढायचेच, पण एकावर थांबायचं नाही. वरून एक. अगदी बाजूने एक, ढालीखालची फुगवटी आणि पायाच्या मुळावरची केसांची रांग दिसेल असा. समोरून तोंडाचा एक, दोन डोळ्यांत अंतर किती ते दिसायला हवं. पंख उघडे असतील तर त्यावरच्या शिरांचा एक, कारण मधली शीर टोकाशी कशी वळते यावरून बरंच कळतं. माशी शांत बसत नसेल तर काचेच्या बरणीत घालून ती दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. ती सुस्तावते, मरत नाही. शेजारी मोजपट्टी ठेवा. आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना साधा फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर फोटो दाबून लहान होतो आणि पहिला बळी त्या केसांचाच जातो.

याहून मोठं काम कॅमेऱ्याशिवायचं आहे. माशीपेक्षा तिचा यजमान सांभाळा. ज्या अळीवर पांढरं अंडं किंवा काळा डाग दिसतो ती बरणीत घ्या, तळाशी दोन बोटं कोरडी माती, वर तिचं रोजचं पान, तोंडाला मलमलचा तुकडा आणि रबर. मातीत माशीचे तपकिरी, पिंपासारखे छोटे कोष दिसले की पान काढून टाका आणि वाट पाहा. माशी निघाली की चिठ्ठीवर लिहा : कुठली अळी, कुठलं पीक, गाव, अळी कधी घेतली, माशी कधी निघाली. अशी माशी चिठ्ठीसकट कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात नेली तर तिचं काहीतरी होतं. बेंगळुरूचा राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो आणि पुण्यातलं भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र हेही असंच काम करतात. फोनमधला फोटो फोनमध्येच राहतो.

मामेभावाचा बाजूने काढलेला फोटो पावणेअकराला आला. फुगवटी नव्हती, रांगही दिसत नव्हती. माशी घरमाशीच्या जातकुळीतली, उझी नक्की नव्हे. मी तसं कळवलं आणि विचारलं, "कीटकांच्या अंगावर काळे डाग आहेत का ते पाहिलंस?" बॅटरी घेऊन तो परत आत गेला. बऱ्याच वेळाने मेसेज आला, "कोपऱ्यातल्या रॅकवर अकरा सापडले." जाळीवरची माशी निर्दोष होती, आणि उझी केव्हाच येऊन गेली होती. ते अकरा कीटक त्याने रात्रीच वेगळे काढले, जाळीची एक फाटकी कड शिवली आणि दोन कीटक माझ्यासाठी बरणीत ठेवले, तळाशी माती घालून. आज तेरावा दिवस. मातीत चार तपकिरी कोष आहेत, माशी अजून निघायची आहे.